‘अब्रू’ हा शब्द तिचा नव्हता

अर्धं पान लिहून झालं होतं. लिहिलेलं मी तिला वाचून दाखवत होते. एका वाक्याशी तिने माझं मनगट धरलं.

‘हे मी नाही म्हटलं, दीदी.’

‘काय नाही म्हटलंस?’

‘अब्रू. मी अब्रू म्हटलं का?’

कोरची तालुक्यातला एक टोला, २००३ सालचा एप्रिल. मोहफुलांचे दिवस. या दिवसांत बाया पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. रात्रभर गळलेलं फूल गुरं-हरणं पोचायच्या आत वेचावं लागतं. अशाच एका पहाटे, गावापासून फार तर पाऊण कोसावर, वर्दीतल्या एका माणसाने तिला झाडाखाली अडवलं होतं. थोडी गोंडी, थोडी छत्तीसगढी आणि माझ्यासाठी मुद्दाम आणलेली झाडी बोली अशा मिसळीत तिने मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. त्याने धरलं. मी नाही म्हटलं. त्याने सोडलं नाही. मग मागून बाकीच्या बाया आल्या आणि तो गेला.

मी कागदावर उतरवलं होतं, ‘त्याने माझी अब्रू लुटण्याचा प्रयत्न केला.’

‘माह्यं काही लुटलं नाही गेलं,’ ती म्हणाली. ‘त्यानं मले धरलं. त्याचं लिही.’

मी ते वाक्य खोडलं आणि तिची तीन वाक्यं तिच्याच क्रमाने लिहिली. कार्बन लावून काढलेली त्या कागदाची दुसरी प्रत अजून माझ्याकडे आहे. खोडलेली ओळ तिच्यावरही निळसर उमटली आहे.

या भागात मी आले ती १९९४ मध्ये. एका छोट्या संस्थेचं काम होतं. ठाणं, तहसील, दवाखाना, कोर्ट अशा ठिकाणी जाणाऱ्या बायकांबरोबर जायचं, त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं, अर्ज करायचे, तारखा लक्षात ठेवायच्या. कुरखेडा, कोरची, धानोरा आणि खाली वडसा. सुरुवातीला मला वाटायचं, मी त्यांना आवाज देते. हा शब्द तेव्हा आमच्या अहवालांत फार असायचा. आवाज त्यांच्याकडे चांगला खणखणीत होता. मी देत होते ते शब्द. आणि ते कुठून आणले होते याचा विचार त्या सकाळपर्यंत मी केला नव्हता.

‘अब्रू’ हा शब्द मी आणला होता चिमूरहून.

माझ्या आईची आई चिमूरची. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर नावाचा कोवळा मुलगा मारला गेला. चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना ठार केलं. तीन दिवसांनी लष्कर आलं. गावातले पुरुष पकडले गेले, उरलेले जंगलात पळाले. घरांत राहिल्या बायका, म्हाताऱ्या आणि पोरं. पुढचे दिवस सोजिरांनी दारं फोडून बायकांवर जे अत्याचार केले, ते त्या बायकांनी नंतर स्वतः सांगितलं म्हणून आपल्याला माहीत आहे. आजी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने आम्हाला कधीच काही सांगितलं नाही. नागपंचमीला बाकीच्या बायका गाणी म्हणत वारुळाला जात, आजी आतून कडी लावून बसायची. मी एकदाच विचारलं. ‘त्या दिवसांत लई पाऊस होता,’ एवढं म्हणाली आणि तांदूळ निवडायला घेतले.

मोठी झाल्यावर मी या घटनेविषयी मिळेल ते वाचलं. नागपूरहून बायकांचं शिष्टमंडळ चिमूरला गेलं होतं, त्यात रमाबाई तांबे आणि विमलाबाई देशपांडे होत्या. अनसूयाबाई काळे गेल्या. पुढे फाशीची शिक्षा झालेल्या चिमूर-आष्टीच्या माणसांसाठी त्यांनी रान उठवलं आणि शेवटी त्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या. दहशत बसलेल्या गावात या बायका घरोघर बसल्या आणि त्यांनी ऐकून घेतलं. ज्यांच्यावर गुदरलं त्यांनी नावानिशी सांगितलं. त्या काळी, त्या वयाच्या, त्या घरांतल्या बायकांनी! माझ्या सगळ्या कामाचं मूळ मला त्या दोन-चार दिवसांत दिसतं. सरकारने आरोप फेटाळले आणि चौकशी नाकारली. सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी दिल्लीत जाऊन व्हाइसरॉयच्या मंडळातल्या बापूजी अणे यांच्या दारी बसले, मग पायी चिमूरकडे निघाले, पकडून परत आणले गेले. त्यांनी ६३ दिवस उपवास केला. उपवासाची बातमी छापायला बंदी झाली, तेव्हा त्याच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या वर्तमानपत्रांनी एक दिवस अंकच काढले नाहीत. १२ जानेवारीला उपवास सुटला. बातम्यांवरची बंदी उठली. चौकशी मात्र कधीच झाली नाही.

भन्साळींविषयी माझ्या मनात फार आदर आहे. पण त्या काळातलं लिखाण वाचताना एक गोष्ट सारखी टोचते. बायकांनी जे सांगितलं ते घटनेचं होतं. त्यावर देशाने जे बांधलं ते अब्रूचं होतं. मायबहिणींची अब्रू, गावाची अब्रू, राष्ट्राची अब्रू. सांगणारीचं अंग त्या शब्दाखाली झाकलं गेलं. दर १६ ऑगस्टला चिमूरला शहिदांना मानवंदना दिली जाते, ती द्यायलाच हवी. पण त्या दिवशी व्यासपीठावरून जी नावं घेतली जातात त्यांत जबाब देणाऱ्या एकाही बाईचं नाव मी ऐकलेलं नाही. कदाचित त्यांच्या घरच्यांनाच ते नको असेल. अब्रू शब्दाचं असंच असतं. ज्याने गुन्हा केला त्याच्याकडे ती काही मागत नाही, जिने सोसलं तिला मात्र दाराआड बसवते.

म्हणजे साठ वर्षांनंतर कोरचीच्या त्या टोल्यावर मी तिच्या तीन वाक्यांवर जे पांघरूण घातलं, ते माझ्या आजीच्या दाराची कडी होती.

चिमूर ते वडसा फार लांब नाही. वडसा म्हणजे देसाईगंज, आमच्या जिल्ह्याचं रेल्वे स्टेशन. १९७२ मध्ये गडचिरोली जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. तेव्हा हे सगळं चंद्रपूरच. २६ मार्च १९७२ च्या रात्री एक आदिवासी मुलगी देसाईगंजच्या ठाण्यात गेली. आईबाप नसलेली, मजुरी करणारी, चौदा ते सोळाच्या मधली. भावाने तक्रार दिली होती म्हणून बोलावणं आलं होतं. जबाब झाले, सगळे निघाले, तिला मागे थांबवलं गेलं. नातेवाईक बाहेर उभे होते आणि आत तिच्यावर बलात्कार झाला. तिचं नाव अख्ख्या देशाला माहीत आहे, खटला त्याच नावाने ओळखला जातो, कायद्याच्या पुस्तकांत ते आहे. मी लिहिणार नाही. तिच्यामुळेच १९८३ मध्ये कायद्यात अशी सोय झाली की पीडितेचं नाव छापू नये. ती सोय तिला स्वतःला कधी मिळाली नाही, निदान माझ्या कागदावर तरी मिळावी.

जबाब द्यायला गेलेल्या मुलीवर ठाण्यात हे झालं, ही गोष्ट वडशावरून जाताना दर वेळी माझ्या मनात येते, कारण मी बायकांना ठाण्यातच नेत असते, जबाबच द्यायला.

सेशन कोर्टाने १९७४ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधांची सवय होती, असा सूर होता. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. भीतीने गप्प राहणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हे त्या न्यायमूर्तींनी ओळखलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर खुणा नव्हत्या, ती ओरडली नव्हती. रात्री ठाण्यात, दिवे घालवलेले, समोर वर्दी, आणि न ओरडणं म्हणजे होकार!

तिला खोटी ठरवायला जी हत्यारं वापरली गेली ती कुणाची होती? दंड संहिता १८६० ची, पुरावा कायदा १८७२ चा. तक्रार करणारी बाई चारित्र्याची नाही असं दाखवून तिची साक्ष मोडता येईल, अशी मुभा त्या पुरावा कायद्यातच होती आणि ती काढायला आपल्याला २००२ साल उजाडलं. जंगलाचंही तेच. १९२७ च्या वन कायद्याने आपल्याच रानात सरपण आणायला गेलेली बाई चोर ठरली आणि १९४७ नंतरही चोरच राहिली. मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये. मी आले तेव्हा कुऱ्हाड हिसकावून घेतली, मोळी खाली ठेवायला लावली, हेच बायकांचं पहिलं गाऱ्हाणं असायचं. दुसरं गाऱ्हाणं त्या हळू आवाजात सांगायच्या. मोळी सोडवून घेताना काय मागितलं गेलं, ते. गोऱ्यांचं राज्य गेलं, ठाण्याची आणि जंगल-नाक्याची रीत मागे राहिली. रात्री नक्षल्यांच्या दलमवाल्यांना भाकर द्यायची आणि सकाळी ती का दिली याचा जाब द्यायचा, हेही बायकांच्याच वाट्याला आलं. दोन्हीकडे बंदूक, आणि चूल मधे.

पण माझा प्रश्न आणखी एक आहे, आणि तो माझ्याच लोकांना आहे. चिमूरचं कळल्यावर लवकरच नागपूरच्या बायका तिथे पोचल्या. देसाईगंजच्या मुलीसाठी देश उभा राहायला साडेसात वर्षं लागली. १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. धागमवारांना आदिवासी बाई ठाण्यात गेली की काय होतं हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. अक्राणी-अक्कलकुव्याच्या आदिवासींच्या जमिनींसाठी त्या झगडल्या होत्या. मग मुंबईत बायकांचा मंच उभा राहिला, ८ मार्च १९८० ला शहराशहरांत मोर्चे निघाले, नागपूरच्या सीमाताई साखरे यांनी तर हा प्रश्न जन्मभर सोडला नाही. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला, आणि तिथे संबंध आल्याचं सिद्ध झाल्यावर बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली तर कोर्टाने आधी तिचं खरं मानायचं, असं ठरलं. आज माझ्याबरोबर ठाण्यात येणारी प्रत्येक बाई त्या मुलीच्या जिवावर उभी असते. त्या मुलीच्या हाती मात्र यातलं काही आलं नाही. फेरविचाराचा अर्जही फेटाळला गेला होता.

साडेसात वर्षं का? मुलगी गरीब होती, आदिवासी होती, हे कारण आहेच. पण दुसरंही आहे. चिमूरची वर्दी परकी होती, देसाईगंजची आपली. परक्या फौजेने केलं तर ते देशावरचं संकट. आपल्या वर्दीने केलं तर मुलगीच खोटारडी.

या कामात मला बाहेरच्या दोन बायकांनी फार बळ दिलं. एक अल्जेरियाची जमिला बुपाशा. फ्रेंच सैनिकांनी १९६० मध्ये तिचा अनन्वित छळ केला. तिचा खटला जिझेल हलिमी या वकील बाईने घेतला आणि सिमोन द बोव्हार यांनी पॅरिसच्या ‘ल मोंद’मध्ये लेख लिहिला. दोघी फ्रान्सच्याच नागरिक. स्वतःच्या देशाच्या फौजेविरुद्ध, युद्ध चालू असताना उभ्या राहिल्या. जमिलाच्या योनीत बाटली घातली गेली होती. संपादकांनी शब्द बदलायला लावला, ‘पोट’ लिहा म्हणाले. हे वाचलं तेव्हा मला माझं खोडलेलं वाक्य आठवलं. पॅरिसमध्ये पोट, कोरचीत अब्रू.

दुसरी कोरियाची किम बोक-दोंग. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने ज्यांना लैंगिक गुलाम केलं अशा हजारो मुलींपैकी एक. म्हातारपणी त्या आणि त्यांच्या मैत्रिणी सोलमध्ये जपानच्या वकिलातीपुढे दर बुधवारी उभ्या राहायच्या. त्यांनी आणि त्यांच्यातल्याच गिल वोन-ओक यांनी ८ मार्च २०१२ ला जाहीर केलं की भरपाई मिळाली तर ती आम्ही युद्धात अत्याचार झालेल्या इतर बायकांना देऊ. पहिल्यांदा काँगोच्या बायकांना मदत गेली. आणि मग त्या व्हिएतनामच्या बायकांविषयी बोलल्या, ज्यांच्यावर कोरियाच्याच सैनिकांनी अत्याचार केले होते. जपानकडून माफी मागणाऱ्या त्या म्हाताऱ्यांनी आपल्या देशाच्या वतीने व्हिएतनामची माफी मागितली. यापेक्षा मोठी गोष्ट मी ऐकलेली नाही.

बाहेरून येऊन सोडवणाऱ्यांची मात्र मला पूर्वीपासून थोडी धास्ती वाटते. १९२७ मध्येच, वन कायद्याच्याच वर्षी, कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने ‘मदर इंडिया’ लिहिलं. त्यात बालविवाहाचं, बाळंतपणाचं जे वर्णन होतं त्यातलं बरंच खरं होतं. पण ते लिहिलं होतं या लोकांना स्वराज्य झेपणार नाही हे दाखवायला. तसंच काहीसं मी धानोऱ्याकडे पाहिलं. शहरातून काही जणी आल्या आणि गावाबाहेरच्या कुर्माघराचे फोटो काढू लागल्या. पाळीच्या दिवसांत बायांनी राहायची ती झोपडी. आत अंधार, खाली ओल, सापाची भीती. मला ती प्रथा मान्य नाही, कधीच नव्हती. पण आत बसलेल्या बाईला कुणी विचारलंही नाही आणि फोटो निघाला. तिने तोंड फिरवलं. नंतर आम्ही तिथल्या बायांशी बसलो तेव्हा एक म्हणाली, इथे चार दिवस कोणी काम सांगत नाही. दुसरी म्हणाली, माझी जाऊ इथेच तापाने गेली. दोन्ही खरं होतं. त्यांनी आधी पक्क्या भिंती मागितल्या, दिवा मागितला, पाणी मागितलं. प्रथा मोडायची का, कधी, हे भांडण त्यांच्या आपसात चाललं आहे आणि तरुण पोरी ते नेटाने भांडताहेत. मी त्या पोरींच्या बाजूची आहे. पण त्यांच्या पुढे चालायचं नाही, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

ती गोष्ट मी कोरचीलाच शिकले आणि ती शिकताना चुकले. त्या तीन वाक्यांची तक्रार द्यायला आम्ही गेलो तेव्हा ठाण्यात आधी घ्यायलाच तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या आणि शेजारच्या टोल्यांवरच्या बाया आल्या, साठ-पासष्ट असतील. कुणी घोषणा दिली नाही. शिदोऱ्या सोडून अंगणात बसल्या. संध्याकाळी तक्रार नोंदली गेली, तिच्याच तीन वाक्यांत. इथवर सगळं तिचं होतं. पुढे खटला सुरू झाला आणि तो माझा झाला. तारखा पडत राहिल्या. तिसऱ्या तारखेला ती आली नाही. मे महिना होता, तेंदूपत्ता चालू होता. सत्तर पानांचा एक पुडा, असे शेकडो पुडे बांधले की वर्षाचं मीठ-मिरची-कापड निघतं. मी तिच्या घरी जाऊन रागावले. एवढ्या बाया तुझ्यासाठी बसल्या आणि तू पानं तोडतेस? तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पुडा बांधत राहिली. मग म्हणाली, ‘तुले केस पाहिजे. मले रस्ता पाहिजे.’

मोहाकडे जायचा रस्ता. पहाटे, एकटीने, न घाबरता.

खटल्यातून काही निघालं नाही. त्या माणसाची बदली झाली. रस्ता मात्र त्यांनी मिळवला. त्या वर्षापासून तीन टोल्यांच्या बाया ठरवून एकत्र निघू लागल्या, प्रत्येक वळणावर एकमेकींना हाळी देत. एखादी आजारी असली तर तिच्या झाडाचं फूल दुसरी वेचून तिच्या घरी पोचवते. याला त्यांच्याकडे मोठं नाव नाही. ‘सोबत’ म्हणतात. ‘सोबतीला येतेस का?’ एवढंच विचारतात.

२०२३ च्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे गेले होते. नागपूरला गाझाच्या बायकांसाठी एक सभा झाली होती, तिथून सरळ. अंगणात शेकोटी होती. मी कुठून आले असं विचारलं म्हणून सांगितलं. गाझात पडणारे बॉम्ब सांगितले, भूल न देता होणारी ऑपरेशनं सांगितली. ऐकून त्या गप्प झाल्या. मग वेस्ट बँकचं सांगितलं, १९६७ पासून लष्कराच्या ताब्यात आहे ते. तिथे जैतुनाची झाडं आहेत, काही तर शेकडो वर्षांची. पावसाळ्यानंतर... म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर, सगळं घर मिळून फळं काढतं, त्यावर वर्ष निघतं. पण मधे बांधलेल्या भिंतीपलीकडे गेलेल्या आपल्याच झाडापाशी जायला परवाना लागतो, फाटक ठरल्या दिवशी उघडतं. कधी झाडंच तोडलेली सापडतात.

‘परवाना कोण देते?’ एकीने विचारलं.

‘फौज.’

‘म्हणजे नाकाच,’ ती म्हणाली, आणि दोघी-तिघींनी मान हलवली. त्यांना नकाशा दाखवावा लागला नाही.

ती, त्या तीन वाक्यांची बाई, आता आजी झाली आहे. नातवाला मांडीवर घेऊन ऐकत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘तिथं झाडाकडे जातात तेव्हा त्यायच्या सोबत कोणी जाते का?’

जातात, मी सांगितलं. दूरदूरच्या देशांतून माणसं येतात आणि फळं काढेपर्यंत त्यांच्या बाजूला उभी राहतात. काही इस्रायलचेही येतात. बायाही असतात त्यांत.

‘इस्रायल म्हणजे ज्यांची फौज आहे तेच?’

‘हो, तेच.’

तिने शेकोटीत एक काडी सरकवली.

‘मंग त्या बायायले घरी लई ऐकून घ्यावं लागत असंल,’ ती म्हणाली.